बैल मावले नाहीत

कवडूने चौथी जिलेबी उचलली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे चोरून पाहिलं.

दारात सुचिता उभी होती. त्याची सून. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. तिने जिलेबी पाहिली, सासऱ्याच्या मनगटावरून कोपराकडे निघालेला पाकाचा ओघळ पाहिला. कवडूने खांदे आवळून डोळे मिटले. आता तोफ सुटणार, हे त्याला दहा वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं.

"पाणी ठेवू का मामाजी?" सुचिता म्हणाली.

"आँ?"

"पाणी. जिलेबीवर प्याले."

कवडूने एक डोळा उघडला. शुगर असलेल्या माणसाने चार जिलेब्या खाल्ल्या आणि घराची कौलं जागच्या जागी! त्याला भीतीच वाटली.

"हे पाचवी हाय बरं," तो ठासून खोटं बोलला.

"बरं मामाजी. यायले सांगू का संध्याकाळी अजून आणाले?"

एवढं बोलून तांब्या ठेवून ती आत गेली. कवडूने हातातली जिलेबी कशीबशी संपवली. तो उठला, हात धुतले आणि गोठ्यात जाऊन बैलांसमोर उकिडवा बसला.

"हे काई खरं नाई बापा," तो मोऱ्याला म्हणाला. मोऱ्या निवांत रवंथ करत होता. त्याला ना शुगर होती ना सून.

आता कवडू कोण, ते सांगायला हवं. बोरगावात त्याची पाच एकर शेती. तीन एकरांत संत्रा, दोनात कापूस. सगळ्या गावाने ट्रॅक्टर आणले तरी याच्या दावणीला मोऱ्या आणि चांदण्या उभे. बहात्तर वर्षांत त्याच्या नावावर ना कुठलं भांडण, ना भाषण. तो सात वर्षांचा असताना आई गेली, आणि तेव्हापासून त्याला कुणी रागावलंच नव्हतं. बाप अबोल. बायको केसरबाई तर इतकी मवाळ की चाळीस वर्षांच्या संसारात "अजी, ऐकता का" याच्यावर तिचा आवाज चढला नाही, आणि सहा वर्षांपूर्वी ती गेली तीही कुणाची झोप न मोडता. ज्याला कुणी रागवत नाही तो माणूस सुखी, असं लोक समजतात. कवडूही तसंच समजत होता, सुचिता येईपर्यंत.

सुचिता सावरगावची, म्हणजे पांढुर्ण्याहून जाम नदी ओलांडली की लागतं ते. गोटमारीचं गाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे काका-मामा पांढुर्ण्यावाल्यांवर दगड मारायला नदीत उभे राहणारे. तरी लग्नानंतर दोन वर्षं ही पोरगी खाली मान घालून वावरली. मग एकदा कवडूच्या टाचेला वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, लागली. त्याने चिंधी गुंडाळली आणि तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. एक दिवस अंगण झाडताना सुचिताला वास आला. तिने चिंधी सोडली, आतली जखम पाहिली आणि असा आवाज लावला की शेजारच्यांच्या कोंबड्या छपरावर चढल्या.

"माणूस हाय का गोटा हाय तुम्ही? पाय सडून राहिला अन् हे वांगे तोडून राहिले! बसा गाडीवर! बसा म्हणते न!"

त्याच रागात तिने त्याला सौंसरच्या दवाखान्यात नेलं. तिथे शुगर निघाली. चाळीस दिवस तिने स्वतःच्या हाताने टाच धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली, आणि चाळीसही दिवस त्याला बोलली. कवडू खाटेवर पडून ऐकत राहायचा. आणि खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटायचं. म्हाताऱ्याने एकदा तोंड भिंतीकडे वळवून डोळेही पुसले होते. सुचिताला वाटलं, जखम झोंबली.

तेव्हापासून घराला लय आली. गोळी घेतली का, पाय दाखवा, उन्हात काऊन गेले, शेजारच्या लग्नात गुलाबजाम कोणी खाल्ले. कवडू मुद्दाम चुका करायचा, सुचिता मुद्दाम पकडायची. प्रफुल्ल, म्हणजे कवडूचा मुलगा आणि सुचिताचा नवरा, सौंसरला खताच्या दुकानात कामाला. तो घरी आला की दोघांचे आवाज ऐकून समजायचा, सगळं ठीक आहे.

अशा घराला दृष्ट लागली, आणि ती लावली मोबाइलने.

झालं असं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यांनी जू ओढलं, त्यांना लोणी-हळद चोळायची, आणि बैलांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं. कवडू हे काम मनापासून करी. खांदे चोळून झाले की तो हात जोडून दोन्ही बैलांपुढे वाकायचा, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. वर्षभरात चाबूक लागला असन, वंगाळ बोललो असन, तं माफ करा." सुचिता आरतीची थाळी घेऊन बाजूला उभी होती, आणि तिचं तोंड वाकडं होतं, कारण सासरा चिखलात अनवाणी आला होता.

शेजारचा रोशन हे सगळं मोबाइलवर घेत होता. सव्वीस वर्षांचा, लग्नाचे व्हिडिओ काढणारा, मनाने सरळ पोरगा. त्याने रील टाकली, खाली लिहिलं 'पोळा स्पेशल', आणि शेजाऱ्यांकडे पुरणपोळी खायला निघून गेला. ती रील कुठल्या तरी पेजने उचलली. वर रडकं गाणं चढवलं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं : 'बहू ने ऐसा क्या किया कि बूढ़े ससुर को हाथ जोड़ने पड़े? देखकर रो देंगे आप.'

चार दिवसांत सात लाख लोक रडले.

कवडूने रील पाहिली तेव्हा तो आधी हसला. मग फोन उलटा करून मागून पाहिला.

"अरे रोशन, याच्यात बैल कुठी गेले बे?"

"काका," रोशन खाली मान घालून म्हणाला, "रील उभी राहते न. बैल आडवे. मावले नाई."

"मी मावलो, सुचिता मावली, अन् ज्याइचा सण ते मावले नाई?"

पण हसण्याचे दिवस तेवढेच. सावरगावहून सुचिताच्या आईचा फोन आला, आणि ती रडत म्हणाली, "पोरी, हेच शिकवलं का आम्ही?" बचत गटात सुचिता गेली की बायांची बोलणी थांबायला लागली. सुचिताच्या लहान मुलीकडे शाळेत कुणी तरी बोट दाखवलं. ज्यांनी स्वतःच्या गोठ्यात परवाच बैलांपुढे हात जोडले होते, तेही म्हणायला लागले, "आता काय खरं काय खोटं, पण इतके लोक पाहून राहिले तं काई तरी असन." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

कवडूने उपाय केला. रोशनला बोलावलं, बैलांच्या मधोमध उभा राहिला, रोशनने फोन आडवा धरला, आणि कवडू आयुष्यात पहिल्यांदा भाषणाला उभा राहिला. "मी कवडू. बोरगाव. माही सून लय चांगली हाय. मी हात बैलाले जोडले होते. हे पाहा बैल." मोऱ्याने त्याच वेळी शेण टाकलं, तेही आलं.

तो व्हिडिओ दोनशे जणांनी पाहिला. त्यातल्या अर्ध्यांनी खाली लिहिलं, 'बाबा दबाव में बोल रहे हैं.' एकाने लिहिलं, 'बाबा, खतरा हो तो पलक झपकाइए.' कवडूला डोळ्यांची उघडझाप करायची सवयच होती. आगीतून उठून फुफाट्यात.

त्या दिवसापासून सुचिताने तोंड शिवलं. पदर डोक्यावर आला. "हो मामाजी", "बरं मामाजी", "जसं तुम्ही म्हणसान मामाजी". अंगणात खुर्ची आली, खुर्चीवर उशी आली. कवडू उन्हात बसला, ती काही बोलली नाही. गोळी टाळली, काही बोलली नाही. जिलेब्यांचं तर आपण पाहिलंच. घरात सगळं होतं, पण घर मुकं झालं होतं.

आणि तेराव्या दिवशी छिंदवाड्याहून दामिनी आली. कवडूची मुलगी. हातात रिकामी बॅग. ही बॅग कशासाठी ते तिने दारातच सांगितलं.

"बाबा, कपडे भरा. माह्याकडे चला."

"अवं, पाणी तं पी आधी."

"पाणी नंतर. मी सात दिवस झोपली नाई. माह्या सोसायटीतल्या बाया मले विचारून राहिल्या, तुमचे वडील कसे आहेत म्हणून. काय सांगू मी?"

"सांग का बैलाले आवतण देऊन राहिले होते."

दामिनी त्याच्या खुर्चीपाशी बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. "बाबा, मी तुमची पोरगी हाय. माह्याजवळ तं खरं बोला. भेव वाटते का?"

"भेव वाटते," कवडू म्हणाला. "आजकाल वाटाले लागलं. सुचिता बोलतच नाई न."

दामिनीला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं. तिचे डोळे भरले. तिने भावाकडे, प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्ल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. तो बायकोच्या बाजूने बोलला तर बायकोचा गुलाम, आणि बहिणीच्या बाजूने बोलला तर खोटा, अशा पेचात सापडलेला माणूस कॅलेंडरच पाहणार.

"ताई, बाबा खरं सांगून राहिले," तो एवढंच पुटपुटला.

"तू चूप राह्य रे. तुह्या समोर झालं हे सगळं."

कवडू जितकी सुनेची स्तुती करी, तितकी दामिनीची खात्री पटे. एवढं कोण बोलतं सुनेबद्दल चांगलं? नक्कीच म्हाताऱ्याला धाक असणार. आणि सुचिता समोर येऊन डोक्यावरचा पदर सावरत "ताई, चहा घ्या" म्हणाली, तेव्हा तर दामिनीला तो अभिनयच वाटला. खरी सुचिता असती तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली असती, "या, बसा, अन् आल्या आल्या भांडण कायचं काढून राहिल्या?" पण खरी सुचिता तेरा दिवसांपासून रजेवर होती.

दुपारी कवडू स्वयंपाकघरात गेला. सुचिता ज्वारी निवडत होती. तो उंबऱ्यावर बसला.

"दामिनी संगं चला म्हणते मले."

"ऐकलं मामाजी."

"जाऊ का?"

सुचिताचे हात सुपावर थांबले. मग पुन्हा चालू झाले. "तुमची मर्जी मामाजी."

"माही मर्जी कोण विचारून राहिलं? तू सांग न. नको जाऊ म्हण. रागव न जरासंक."

"कशी रागवू?" सुचिता म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम ओला झाला. "मी तोंड उघडलं का म्हणतीन, पाहा, खरंच हाय. मी बोलली नाई का म्हणतीन, पाहा, कशी घुमी हाय. माह्या आईनं माह्यावर भरोसा नाई ठेवला मामाजी. ताईनं नाई ठेवला. आता तुम्ही गेले तं गेले. तिथी शांत राहसान. तिथी कोणी बोलणार नाई तुम्हाले."

"तेच तं म्हणतो मी," कवडू म्हणाला. पण ते त्याच्या तोंडातल्या तोंडातच राहिलं. आपल्याला बोलणी हवीत, हे बहात्तर वर्षांच्या माणसाने कोणत्या तोंडाने सांगावं? तो उठला आणि जाऊन दामिनीला म्हणाला, "भर कपडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोने तिघं सौंसरच्या बसस्थानकावर आले. प्रफुल्लचं दुकान उघडायची वेळ, म्हणून पोचवायला सुचिता. छिंदवाड्याची बस लागलेलीच होती. दामिनीने खिडकीची जागा धरली, कवडूला बसवलं. सुचिताने खिडकीतून औषधांची पिशवी आत दिली.

"मामाजीले सांभाळा ताई," ती म्हणाली. आणखी काही बोलायला तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. दामिनीने पिशवी पायाशी ठेवली आणि मान हलवली.

कवडू खिडकीतून सुनेकडे पाहत होता. त्याच्या मनात आलं, आता तरी काही म्हणेल. खिडकीतून हात आत घ्या म्हणेल. कानाला रुमाल बांधा म्हणेल. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. बारा वर्षांत त्याने तिला इतकं गरीब कधी पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःचाच राग आला. आपण हात जोडले बैलांना, आणि शिक्षा या पोरीला.

तेवढ्यात त्याला लागली. शुगरच्या माणसाला लागते तशी, एकदम आणि जोरात. "आलोच," असं दामिनीला म्हणून तो उतरला, आणि सुचिता काही विचारायच्या आत स्थानकामागच्या भिंतीकडे गेला.

कंडक्टरने माणसं मोजली नाहीत. त्याने घंटी मारली. बस हलली.

"अरे, माहे बाबा! बाबा राहिले खाली!" दामिनी आतून ओरडली. इंजिनाच्या घरघरीत कुणाला कळेना.

कवडू भिंतीआडून आला तो बस फाटकाकडे निघालेली. आणि या माणसाने, ज्याने उभ्या आयुष्यात बैलापेक्षा वेगाने कधी पाय उचलला नव्हता, धोतराचा सोगा हातात धरला आणि धाव ठोकली. वीस पावलं, तीस पावलं. दाराचा दांडा हाताला लागला. एक पाय पायरीवर गेला, दुसरा हवेत राहिला. मग पायरीवरचाही सुटला आणि कवडू मुरमावर बसकण मारून बसला. बस पुढे जाऊन करकचून थांबली.

"मामाजीऽऽ!"

सगळं बसस्थानक वळलं. सुचिता धावत आली, त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसली, हात चाचपले, पाय चाचपले, मान हलवून पाहिली. काही मोडलं नव्हतं. तळहाताला थोडं खरचटलं होतं. एवढी खात्री झाल्यावर तिने एक मोठा श्वास घेतला. कवडूने तो श्वास ओळखला.

"कोणी सांगतलं होतं धावाले? आँ? कोणी सांगतलं होतं?" तिचा आवाज पार फळांच्या गाड्यांपर्यंत गेला. "बहात्तर वर्षांचे झाले अन् बशीच्या मांगं धावून राहिले! चाकाखाली गेले असते तं? बैलायले कोण पाहणार होतं? मले कोण पाहणार होतं?"

"लागली होती वं मले," कवडू म्हणाला.

"लागनच न! निघता निघता गिलासभर चहा कोण पेल्लं? घरून निघताना मी म्हणणार होती, जाऊन या म्हणून. दहा वर्षं झाले, दरवेळेस म्हणते. आज नाई म्हटलं! तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं! काऊन गिळलं? लोकायच्या भेवानं! त्या मेल्या मोबाइलच्या भेवानं! अन् तुम्ही मरत होते आत्ता!"

भोवती माणसं जमली होती. आणि माणसं जमली की जे होतं तेच झालं. एक फोन वर आला, दुसरा आला. पिवळ्या टी-शर्टातला एक तरुण तर चांगला पुढे येऊन, एक डोळा बारीक करून घ्यायला लागला.

सुचिताला ते दिसलं. ती गप्प झाली.

आता पुन्हा पदर, पुन्हा "हो मामाजी". तेरा दिवसांनी फुटलेला झरा आता आटणार. त्याला वाटलं, उठावं आणि त्या पोराच्या हातातला फोन फेकून द्यावा.

सुचिता उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने खाली घेतला आणि कंबरेला खोचला.

"काढून राहिला का? काढ," ती त्या तरुणाला म्हणाली. "पूर्ण काढजो. माहा आवाज घेजो, वरतून गाणं टाकू नको. हे माहे सासरे हाय. शुगर हाय यायले, दोनशे चाळीस. मंगळवारी चार जिलेब्या खाल्ल्या अन् पाचवी हाय म्हणून माह्याजवळ खोटं बोलले!"

"तुले मालूम होतं?" कवडू खालून म्हणाला.

"पुड्यातल्या मोजल्या न मी! बुधवारी दोन घंटे उन्हात बसले. शुक्रवारची गोळी गादीखाली लपवली, ते मी काढली. रोज रात्री तुम्ही झोपल्यावर पाय पाहिले तुमचे, बॅटरी लावून. बोलत नव्हती म्हणून काय आंधळी होती का मी?"

कवडू मुरमावर बसूनच होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि ते त्याला आवरेना. ती पाहत होती. रोज. त्याला उगाच वाटलं होतं की आपलं कुणी उरलं नाही.

पिवळा टी-शर्टवाला गोंधळला. त्याने फोन कवडूकडे वळवला. "काका, ये आपको ऐसे ही डाँटती है क्या?"

"नाई ना बापा," कवडू डोळे पुसत म्हणाला. "तेरा दिवसांपासून बंद होती. आजच सुरू झाली."

माणसं हसली. फळवाली हसली. त्या तरुणालाही हसू आलं आणि त्याचा फोन हळूहळू खाली गेला.

बसच्या दारात दामिनी उभी होती. एका हातात कपड्यांची बॅग, एका हातात औषधांची पिशवी. ती खाली उतरली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. वडील इतके खुश तिला गेल्या दोन दिवसांत दिसले नव्हते; खरं तर आई गेल्यापासून दिसले नव्हते. ती सुचितासमोर आली आणि तिने पिशवी पुढे केली.

"वहिनी, सकाळची गोळी जेवणाच्या आधी का नंतर?"

"आधी. अन् पांढरी नंतर. अन् संध्याकाळची विसरतात ते, सांगा लागते." सुचिता अजून तापलेलीच होती. "कालपासून पिशवीत हाय, तुम्ही विचारलंच नाई."

"नाई विचारलं," दामिनी म्हणाली. "मी त्या मोबाइलमध्ये पाहत बसली. घरी येऊनही तेच पाहिलं. तुम्हाले पाहिलंच नाई वहिनी. चुकलं माहं."

भांडायला सुचिता तयार होती, याला तयार नव्हती. तिने नणंदेच्या हातातली पिशवी घेतली, मग बॅगही घेतली.

"दिवाळीले या," ती शेवटी म्हणाली. "अन् येताना झोपून या. डोळे पाहा कसे झाले. माणसानं सात दिवस झोपू नये का?"

दामिनी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. कंडक्टरने घंटी मारून विचारलं, "चलना है कि नहीं, बाई?" तिने वाकून वडिलांच्या पायांना हात लावला, वहिनीचा हात दाबला आणि पळत जाऊन बसमध्ये चढली. खिडकीतून ती हात हलवत राहिली, बस फाटकाबाहेर वळेपर्यंत.

सुचिताने कवडूला हात देऊन उठवलं, मागची धूळ झटकली, जरा जास्तच जोरात झटकली, आणि बॅग घेऊन ऑटोच्या दिशेने निघाली. तोंड चालूच. तेरा दिवसांची थकबाकी होती, एवढ्यात कशी संपणार? उन्हातलं झालं, गोळीचं झालं, आता शेजारच्या लग्नातले गुलाबजाम निघाले होते. पंधरा-वीस पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण एकटीच बोलतोय. ती थांबली आणि वळली.

"आता काय झालं? पाय दुखून राहिला का? मंग सांगाव न! आत्ता बशीच्या मांगं धावत होते, अन् आता मुंगीवानी चालून राहिले! या न लवकर!"

"येतो वं, येतो," कवडू म्हणाला, आणि त्याने चाल आणखी हळू केली.